एसटीतल्या आमदाराचं कौतुक आता पुरे

एसटीच्या जुन्या लाल गाडीत पुढच्या एका बाकावर, खिडकीच्या वरच्या पत्र्यावर, आमदार-खासदारांसाठी जागा राखीव असल्याचं रंगवलेलं असायचं. आमच्या सोलापूर जिल्ह्यात ती अक्षरं वाचून लोक गालातल्या गालात हसायचे आणि तिथं बिनधास्त बाजाराची पिशवी ठेवून बसायचे. आमदार कशाला येतोय एसटीनं? सांगोल्याच्या गाडीत मात्र हसायची सोय नव्हती. तिथं खरंच एक आमदार पांढऱ्या कपड्यांत, हातात कागदांची पिशवी घेऊन त्या जागेवर बसलेला असे.

30 जुलै 2021 ला सांगोल्याचे हे माजी आमदार गणपतराव देशमुख गेले, तेव्हा तो बाक पुन्हा सगळ्यांना आठवला. मोबाईलवर फोटो फिरले आणि 'असा आमदार होणे नाही' हे वाक्य इतक्यांनी लिहिलं की त्याचा अर्थच उडून गेला. एसटीनं फिरायचे, साधं राहायचे, 11 वेळा निवडून आले, आयुष्यभर एकच पक्ष. सगळं खरं आहे. तरीही ते वाचताना मला अस्वस्थ व्हायला होत होतं. अस्वस्थता आजही गेलेली नाही, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं असं की एसटीचं कौतुक ही आपली पळवाट आहे. एखाद्या आमदाराच्या साधेपणाला हात जोडले की त्याच्या कामाकडे पाहायची जबाबदारी संपते. साधा माणूस देव्हाऱ्यात ठेवता येतो. सभागृहातलं काम समजून घ्यायला डोकं लागतं, आणि एकदा ते समजलं की आपल्या आजच्या आमदाराला तेच विचारावं लागतं. ते अवघड जातं. त्यापेक्षा एसटीचा फोटो पुढं ढकलणं सोपं.

आता जरा मागं जाऊ. गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिली शिकलेले. सांगोल्यात वकिली करता करता शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) कामात पडले आणि 1962 मध्ये पहिल्यांदा विधानसभेत गेले. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची ती पहिली निवडणूक. 264 जणांच्या सभागृहात काँग्रेस 215 आणि त्यामागोमागचा मोठा पक्ष म्हणजे शेकाप, 15. पंधरा! तरी शेकापच्या कृष्णराव धुळपांना विरोधी पक्षनेते म्हणून मान्यता होती आणि सभागृहात त्यांचा वचक होता. एक दशांश जागा हव्यात, त्या असल्याशिवाय खुर्ची नाही, ही भाषा तेव्हा चालली असती तर धुळप कुठंतरी मागच्या बाकावर बसले असते. 2024 च्या निवडणुकीनंतर विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपद याच एक दशांशाच्या हिशेबावर महिनोन्महिने रिकामं राहिलं, आणि त्याचं फारसं कुणाला काही वाटलं नाही.

त्या काळात विरोधात बसणं म्हणजे काय, हेही लक्षात घ्यायला हवं. यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण, म्हणजे विरोधकांना काँग्रेसमध्ये सामावून घेणं, जोरात होतं. शेकाप ज्यांनी उभा केला ते शंकरराव मोरे, केशवराव जेधे पुन्हा काँग्रेसमध्ये गेले होते. यशवंतराव मोहितेही गेले. यातले कुणी पैशासाठी गेले असं म्हणणं अन्यायाचं होईल. सत्तेत राहून बहुजनांचं काम होईल असं त्यांना मनापासून वाटत होतं. अशा वेळी सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्याचा आमदार लाल बावटा धरून बसून राहतो. पक्षांतरबंदी कायदा यायला अजून वीसेक वर्षं होती. कोणत्याही कायद्यानं त्याला बांधलेलं नव्हतं.

तो दोनदा हरलाही, आणि हे कौतुकाच्या संदेशांत येत नाही. 1972 ला हरले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला पुन्हा हरले, थोडक्यात हरले. 1999 ला पुन्हा आले. त्यांच्या विजयाचं गणित तालुक्यातल्या धनगर समाजाच्या मतांवर मांडणारे पुष्कळ आहेत. ती मतं होतीच, नाकारायचं कारण नाही. पण ती 1972 ला आणि 1995 ला कुठं गेली होती? जातीच्या बेरजेनं एखादी निवडणूक समजते, पन्नास वर्षं समजत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे. आमदाराचं काम काय?

हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारून पाहा. रस्ता, गटार, सभामंडप, हायमास्ट दिवा, स्मशानभूमीची भिंत. सुशिक्षित माणूस असेल तर त्यात 'निधी' हा शब्द येईल. कायदा, अंदाजपत्रक, प्रश्न, समिती यातला एकही शब्द येणार नाही. दोष टपरीवरच्या माणसाचा नाही. त्याच्या डोळ्यांसमोर जो आमदार आहे तो खरोखर हेच करतो.

सभागृहातलं काम बाहेरून दिसत नाही, म्हणून थोडं जवळून सांगतो. विधिमंडळातला तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, कधी वाचलाय? त्याची एक ठरलेली घडण असते. '(1) अमुक तालुक्यातील पाझर तलावाचे काम निकृष्ट झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय; (2) असल्यास, याबाबत चौकशी करण्यात आली आहे काय; (3) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि उत्तराचीही घडण ठरलेली: '(1) हे खरे नाही. (2) व (3) प्रश्न उद्भवत नाही.' झालं. एका तालुक्याचा पाझर तलाव तीन ओळींत गाडला गेला. कधी 'हे अंशतः खरे आहे' असं येतं. तेव्हा जाणकार आमदाराचे कान टवकारतात, कारण 'अंशतः' या शब्दामागं कुणीतरी अधिकारी घाबरलेला असतो.

खरी लढाई त्यानंतर, उपप्रश्नांची. मंत्र्याच्या हातात खात्यानं दिलेलं टिपण असतं. त्या टिपणात नसलेली एक गोष्ट आमदाराला माहीत असली पाहिजे: तलावाचं मोजमाप पुस्तक कुणी लिहिलं, बिल कधी निघालं, पाऊस कधी पडला. प्रश्न चार वाक्यांचा असतो, पण त्याआधी आमदार तलावाच्या भिंतीवर उभा राहिलेला असावा लागतो. मग मंत्री अडखळतो, अध्यक्ष म्हणतात माहिती घेऊन निवेदन करा, नाहीतर मंत्र्याच्या तोंडून आश्वासन निघतं. सभागृहात दिलेलं आश्वासन ही हवेत गेलेली गोष्ट नसते. त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे. तिथं खात्याच्या सचिवाला येऊन बसावं लागतं आणि काय केलं ते सांगावं लागतं. म्हणजे एका आमदारानं चार वाक्यांत एका सचिवाला कामाला लावलं. पक्ष सत्तेत नसताना. एक रुपयाचा निधी न वापरता.

गणपतरावांची ख्याती सभागृहात बसून राहणारा माणूस अशी होती. हे 'बसून राहणं' ऐकायला अगदीच किरकोळ वाटतं. पण संध्याकाळी उशिरा, रिकाम्या बाकांपुढं, पुरवणी मागण्यांची चर्चा चाललेली असताना जो बसून असतो त्यालाच कळतं की कोणत्या खात्यानं कशासाठी जादा पैसे मागितलेत. बाकीच्यांना ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही कळत नाही, कारण पेपरवालेही एव्हाना गेलेले असतात. अमरावतीचे बी. टी. देशमुख विधान परिषदेत याच जातकुळीचे. नियमांचं पुस्तक तोंडपाठ, आणि विदर्भाच्या अनुशेषाचा एकेक आकडा. त्यांच्या गावी कुणी भूमिपूजनाचे फलक मोजत बसलं असेल असं वाटत नाही.

सभागृहानं मनावर घेतलं तर काय होतं, याचा सर्वांत मोठा दाखला महाराष्ट्राकडेच आहे. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी साठच्या दशकात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात तो राज्यभर नेण्याची वेळ आली. मग पैसे कुठून आणायचे, तर 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळावं म्हणून कर भरायचा आणि सरकारनं तेवढीच भर घालायची. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांनी मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. नोकरदार वाचकांनी या महिन्याची पगाराची पावती काढून पाहावी. व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत 300. ती ओळ तिथं का आहे हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? केंद्रानं 2005 मध्ये केलेला कायदा याच वाटेनं पुढं आला.

गणपतराव 1972 च्या दुष्काळात आमदार नव्हते. पण कायदा झाला तेव्हा सभागृहात होते, आणि पुढं 1999 च्या सरकारात मंत्री झाले. या कायद्याचा सांगोल्याशी धागा आणखी थेट आहे. 1990 च्या सुमाराला रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली गेली. खड्डे घेण्याची, रोपं लावण्याची, पाणी घालण्याची मजुरी योजनेतून. सांगोल्यात काय होतं तेव्हा? माणदेशची उघडी माळरानं, मुरमाड जमीन, पावसाची पाठ. त्या मुरमात डाळिंब लागलं. डाळिंबाला भारी जमीन नकोच असते, पाणीही बेतानं लागतं. ज्या जमिनीला कुणी विचारत नव्हतं तिचाच भाव वाढला. आधी गणेश जातीचं, मग भगवा. मृग बहार धरायचा की हस्त, यावर घराघरांत वाद होऊ लागले. ज्या घरातली माणसं खडी फोडायला जात होती त्या घरापुढं पिकअप उभ्या राहू लागल्या. पुढं तेल्या रोग आला, मर रोग आला, अलीकडे खोडकिडीनं बागाच्या बागा उपटायला लावल्या, तो भाग वेगळा आणि दुःखाचा. पण मुद्दा असा की एखाद्या आमदारानं आपल्या निधीतून सांगोल्याला डाळिंब दिलं नाही. आमदार निधीतून डाळिंब येत नसतं. ते कायद्यातून, योजनेतून, ती योजना तालुक्यात नीट राबवून घेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या फळीतून येतं. त्यात शेतकऱ्याचा घाम सर्वांत मोठा, हे सांगायला नकोच.

पाण्याचंही तसंच. कृष्णेच्या पाण्यात आमचा वाटा किती, ही मागणी घेऊन 1993 पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव त्या व्यासपीठावर. हजारो माणसं भाकरी बांधून यायची. कृष्णा पाणीवाटप लवादानं दिलेलं पाणी 2000 सालाच्या आत अडवलं नाही तर हातचं जाईल ही भीती एकदा गावोगाव पोहोचल्यावर सरकारला हलावं लागलं. 1996 मध्ये कृष्णा खोरे महामंडळ झालं, टेंभूसारखी कराडजवळून पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं चढवत सांगोल्याकडे आणणारी योजना हाती आली. ती रखडली, खर्च वाढत गेला, ठेकेदारांचं भलं आधी झालं. पण सभागृहातला प्रश्न आणि रस्त्यावरची परिषद यांची सांगड कशी घालायची, हे त्यात दिसलं. दोन्हीकडे तोच माणूस असला की मंत्र्याला उत्तर देताना रस्त्यावरची गर्दी आठवते.

इथं कुणीतरी हटकून विचारणार: पन्नास वर्षं एकच आमदार, मग सांगोला दुष्काळी का राहिला? प्रश्न वाजवी आहे आणि तालुक्यातल्या तरुण पोरांनी तो विचारलाही. पाणी यायला इतकी वर्षं लागली की परिषदेला भाकरी बांधून आलेली पिढी ते बघायला उरली नाही. विरोधी आमदार असण्याची किंमत तालुक्यानं मोजली हे मी मान्य करतो. शेजारचे सत्ताधारी आमदार कारखाने, धरणं, कालवे ओढून नेत असताना सांगोल्याला सूतगिरणी मिळाली. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी, आणि ती चांगली चालली ही त्यांच्या हाताची स्वच्छता. पण सूतगिरणी म्हणजे धरण नव्हे. फक्त या हिशेबात एक गोष्ट धरली पाहिजे. विरोधकाच्या तालुक्याला पाणी द्यायचं नाही, हे ठरवणारा दोषी की विरोधात बसणारा? आपण सवयीनं दुसऱ्याला दोष देतो. 'सत्तेसोबत राहायला हवं होतं' हे वाक्य आपल्या तोंडात इतकं रुळलंय की त्यातली खंडणीची भाषा आपल्याला ऐकूच येत नाही.

हीच भाषा जून 2022 मध्ये, शिवसेना फुटली तेव्हा, गुवाहाटीहून ऐकू आली. योगायोग असा की ती सांगोल्याच्याच आमदाराच्या तोंडून महाराष्ट्रभर पोहोचली. 2019 मध्ये गणपतराव वयोमानानं थांबले आणि शहाजीबापू पाटील निवडून आले. 1995 ला गणपतरावांना हरवणारे हेच. 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' हे त्यांचं फोनवरचं बोलणं लग्नाच्या वरातीत वाजलं. बापूंची टिंगल मला करायची नाही. आयुष्यभर पडून पडून निवडून आलेला तो माणूस आहे, आणि त्याची बोली ही आमची बोली आहे. त्या बोलीला हसणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लोकांचा मला रागच आला होता. मला वेगळंच खुपलं. त्या वेळी बाहेर पडलेल्या आमदारांची एक मुख्य तक्रार होती की आम्हाला निधी मिळत नाही. आणि महाराष्ट्रातल्या असंख्य लोकांना ती तक्रार पटली! पक्ष फोडण्याचं कारण म्हणून निधी पुरेसा वाटला. याला म्हणतात आमदारकीचा अर्थ बदलणं.

आमदार निधी 2022 मध्येच 4 कोटींवरून 5 कोटींवर गेला. दरवर्षी, प्रत्येक आमदाराला. त्याशिवाय सत्तेच्या जवळ असलेल्यांना इतर लेखाशीर्षांतून मिळणारं वेगळं. विधानसभेच्या उमेदवाराला निवडणुकीत अधिकृतपणे 40 लाख खर्च करता येतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की माझं डोकं फिरतं. खरा खर्च किती होतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तो भरून कुठून काढायचा? गटाराच्या आणि सभामंडपाच्या कामांचे ठेकेदार कोण आहेत, त्यांच्या गाडीच्या काचेवर कुणाचा फोटो आहे, एवढं पाहिलं तरी पुरे.

शिवाय गटार हे मुळात आमदाराचं कामच नाही. 73 वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद ही त्या कामासाठी घटनेत आणून बसवली. महाराष्ट्रात 2022 पासून बहुतेक जिल्हा परिषदा आणि पालिका वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या. जिल्हा परिषद सदस्य नाही, सभापती नाही, नगरसेवक नाही. मग तुंबलेल्या गटाराचा माणूस जाणार कुठं? आमदाराच्या दारात. आमदारालाही ते बरंच वाटलं. मधले सगळे गळाले, फलकावर एकच फोटो.

सकाळी आठला कोणत्याही आमदाराच्या बंगल्यावर जाऊन बघा. मी एका कामासाठी एकदा दीड तास बसलो होतो; कोणाच्या ते सांगत नाही, कारण सगळीकडे तेच चित्र असतं. बाहेर मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहाचं पिंप. पुढं दोन म्हाताऱ्या संजय गांधी निराधारच्या कागदांसह. एकाच्या पोराची बदली, एकाचं ट्रान्सफॉर्मर जळालेलं. एकजण नुसताच लग्नाची पत्रिका द्यायला आलेला, आणि सगळ्यांत जास्त वेळ त्यालाच मिळाला. आत स्वीय सहायक लेटरहेडवर पत्रं काढत होता, मजकूर एकच: 'पत्रवाहक माझ्या परिचयाचे असून त्यांच्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.' फक्त नाव बदलायचं. आमदार बाहेर आले, सगळ्यांना नमस्कार केला, तीन तहसीलदारांना फोन लावले, एका इंजिनिअरला सगळ्यांसमोर झापलं. लोक खूश. मग एक वास्तुशांत, दोन लग्नं आणि एक दहावा यासाठी गाडी निघाली. अधिवेशन चालू असतानाचा तो वार होता.

आणि तरी मी त्या माणसाला आळशी म्हणणार नाही. तो आपल्यापेक्षा दुप्पट राबतो. सभागृहात बसून करणार काय, असं त्याला वाटलं तर तेही समजण्यासारखं आहे. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर प्रत्येक मतावर पक्षादेश लागू शकतो. विधेयक वाचलं काय, न वाचलं काय, हात कधी वर करायचा ते दुसराच ठरवणार. ज्या कायद्यानं घाऊक पक्षांतरं थांबायला हवी होती त्यानं ती थांबवली नाहीत, हे आपण 2022 आणि 2023 मध्ये पाहिलं. थांबलं ते एकट्या आमदाराचं तोंड. सरकारवरचा विश्वास सोडला तर इतर मतदानात आमदाराला मोकळीक द्यावी अशी शिफारस निवडणूक सुधारणांसाठीच्या दिनेश गोस्वामी समितीनं 1990 मध्येच केली होती. ती धूळ खात पडलीय. ती स्वीकारली तर विधेयकावर बोलायला आमदाराला कारण मिळेल, आणि मंत्र्यालाही आपल्याच माणसांना पटवून द्यावं लागेल. दुसरं, आमदार निधी बंद करून ते पैसे थेट जिल्हा परिषदेला आणि पालिकेला द्यावेत. हे म्हटलं की सगळ्या पक्षांचे आमदार एका सुरात ओरडतील, आणि त्यांचं ते एकमत बघण्यासारखं असेल.

गणपतरावांना देव्हाऱ्यात ठेवायचं नाही, तर ते शेवटपर्यंत पाळलं पाहिजे. त्यांच्या कारकिर्दीतली मला सर्वांत लागणारी गोष्ट 2019 ची आहे. पन्नास वर्षांहून जास्त काळ ज्यांनी पक्ष बांधला, पाणी परिषदांना माणसं उभी केली, संस्था चालवल्या, त्यांच्या जागी उभा करायला अखेर उमेदवार घरातूनच द्यावा लागला. एक नातू 2019 ला उभा राहिला, हजारापेक्षा कमी मतांनी पडला. दुसरे नातू डॉ. बाबासाहेब 2024 ला निवडून आले. 288 च्या सभागृहात शेकापचा एकच आमदार. नातवांच्या लायकीबद्दल माझं काही म्हणणं नाही, लोकांनी मतं दिली आहेत. पण घराणेशाहीवर आयुष्यभर टीका करणाऱ्या पक्षाला तालुक्यात घराबाहेरचं एक नाव सापडू नये? 2002 मध्ये पक्षानं विलासराव देशमुख सरकारचा पाठिंबा काढला तेव्हा मंत्रिपदाची खुर्ची मुकाट सोडणारा माणूस होता तो. तेव्हाही सत्ताधाऱ्यांनी आपले आमदार परराज्यातल्या हॉटेलांत नेऊन ठेवले होते, हे जाता जाता. गुवाहाटी काही पहिली नव्हे. खुर्ची सोडता येणाऱ्यालाही वारस घडवता आला नाही. कदाचित सभागृहात बसायची सवय एका माणसाची खासियत बनून राहिली आणि पक्षाची पद्धत झाली नाही. एसटीच्या कौतुकात आपणही हातभार लावलाच: गणपतराव म्हणजे आमचे आबा; आबा साधे, आबा थोर, एवढ्यावर थांबलो. आबा सभागृहात काय विचारतात, कसं विचारतात, हे शिकायला कुणी पोरगं त्यांच्या पिशवीमागं मुंबईला गेलं नाही. गेलं असलंच, तर त्याला तिकीट मिळालं नाही.

मागच्या दिवाळीत मी माझ्याच मतदारसंघातल्या आमदारांच्या कार्यालयात गेलो. म्हटलं, साहेबांनी गेल्या वर्षभरात किती तारांकित प्रश्न दिले, किती लक्षवेधी लावल्या, त्याची यादी मिळेल का? तिथला तरुण भला होता, गोंधळला. 'कसली यादी? कामांची आहे, ती देऊ?' मी म्हटलं द्या. त्यानं आतून एक जाडजूड, चकचकीत कार्यअहवाल आणून दिला आणि वर दिवाळी अंकही दिला. अहवाल घरी आहे. पानोपानी नारळ, कुदळ, फेटे, रिबिनी. शेवटून तिसऱ्या पानावर 'सभागृहात बुलंद आवाज' असा मथळा आहे आणि त्याखाली साहेबांचा फोटो, हात वर केलेला, समोर माईक. कोणत्या दिवशी, कोणत्या विषयावर, काय बोलले, ते लिहिलेलं नाही.